वाढत्या अंगाची होडी

शिवणयंत्राची फळी तडकली ती अगदी नको त्या वेळी. शाळा उघडायला आल्या होत्या, गणवेशांचा ढीग कमरेपर्यंत चढला होता आणि ज्या फळीवर कापड टेकतं तीच मधोमध चिरली. टेलरबाईंनी ती चिकटपट्टीने बांधली, वरून दोरी आवळली आणि सुतारदादांना निरोप धाडला. सुतारदादांचं उत्तर आलं, उद्या येतो.

उद्या काही उजाडेना. रोज निरोप जायचा, रोज तेच उत्तर यायचं. दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं, पण टेलरबाईंना चिडायचंही तोंड नव्हतं. आयुष्यभर त्यांनी स्वतः गिऱ्हाइकांना हेच सांगितलं होतं, वर "फक्त काज-बटण राहिलंय" असंही जोडलं होतं. त्यामुळे उद्या म्हणजे किती लांब, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एका दुपारी त्यांनी गळ्यात माप घेण्याची टेप अडकवली, जिना उतरल्या आणि थेट सुतारदादांच्या कारखान्यात जाऊन उभ्या राहिल्या.

कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली, गुडघाभर भुसा आणि भिंतीला टेकलेली कपाटांची दारं. दोन माणसांचं काम सुतारदादा एकटे करत होते, तेव्हा त्यांचाही इलाज नव्हता. त्यांनी एक फळकुट पुढे सरकवलं, हातकरवत दिली आणि म्हणाले की घाई असेल तर तुम्हीच कापा, मी एवढं दार बसवून येतो. बहुधा बाई परत फिरतील असं त्यांना वाटलं असावं.

बाईंनी टेपने माप घेतलं, कानामागचा खडू काढून रेघ मारली आणि करवत लावली. पहिल्यांदा ती नुसतीच घसरली, मग अडकली, मग कशीबशी चालायला लागली. कात्रीखाली कापड मुकाट्याने जातं. हे लाकूड मात्र कुरकुरत होतं, अडून बसत होतं, मध्येच राजी होत होतं. त्याचा उग्र गोड वास नाकात शिरला. शेवटचा तुकडा खाली पडला तेव्हा टेलरबाईंचा दंड भरून आला होता आणि चेहरा असा फुलला होता की सुतारदादा दार सोडून बघत राहिले.

मग त्यांनी फळी पाहिली आणि हसू आवरेना. बाईंनी चारी बाजूंना दोन-दोन बोटं जास्त ठेवली होती.

"बाई, ही माया कापडाला ठेवतात," ते म्हणाले. "लाकूड दुमडणार कुठून?"

टेलरबाईंनाही हसू फुटलं. शिलाईची माया सोडल्याशिवाय त्यांचा हात कधी चाललाच नव्हता. दुसऱ्या खेपेला त्यांनी बरोबर रेघेवर करवत चालवली, तर फळी आखूड पडली. करवतीचं पातं स्वतःही थोडं लाकूड खातं, हे तेव्हा कळलं. तिसऱ्या खेपेला रेघेच्या बाहेरून कापलं आणि घरी जाऊन फळी बसवली, ती टक्क आवाज करून जागेवर बसली. त्या दिवशी गणवेश राहिले बाजूला. बाई येता-जाता फळीवरून हात फिरवत होत्या आणि पाव्हण्याला दाखवावी तशी प्रत्येक गिऱ्हाइकाला ती दाखवत होत्या.

तेव्हापासून त्यांचे हात शिवशिवायला लागले. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, पोरवयापासून सुईदोऱ्यात वाढलेल्या. इतक्या वर्षांत त्यांना न येणारी एकही शिलाई उरली नव्हती, आणि आता अचानक हाताशी असं काहीतरी आलं होतं जे त्यांना अजिबात येत नव्हतं. याचंच त्यांना भारी वाटत होतं.

पहिलं मोठं काम म्हणजे स्टूल. ते चार पायांवर उभं राहिलं खरं, पण प्रत्येक पाय आपापल्या मताने. बाईंचे यजमान टपाल खात्यातून निवृत्त झालेले. वर्षानुवर्षं पत्रं ज्याच्या त्याच्या खणात टाकून टाकून त्यांना घरातही प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागायची. त्यांनी स्टुलावर बसून पाहिलं, एका अंगाला कलले, आणि तसेच कललेले राहून चहा संपवला. तक्रार काही नाही, एवढंच म्हणाले, फक्त कप भरताना डावीकडे थोडा कमी भरत जा.

राहतं घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढची खोली म्हणजे टेलरिंगचं दुकान, मागची खोली यजमानांची. म्हणजे तोवर त्यांची. हळूहळू त्यांच्या आरामखुर्चीभोवती फळ्या उभ्या राहिल्या, वर्तमानपत्रांवर गोंदाचे डाग पडले, आणि एक दिवस चष्मा शोधताना त्यांना तो भुशात सापडला. त्यांनी खुर्ची उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली. टेलरबाईंनी याचा अर्थ परवानगी असा लावला.

त्यांची लेक त्याच रस्त्याच्या टोकाला पाळणाघर चालवायची. तळमजल्यावरची एक मोठी खोली, मागे छोटं स्वयंपाकघर आणि दिवसभर सांभाळायला आलेली चिल्लीपिल्ली. लेकीने सहज बोलता बोलता सांगितलं की बारक्यांचे हात बेसिनपर्यंत पोचत नाहीत, एकेकाला उचलून उचलून कंबर धरते. बाईंनी दोन पायऱ्यांची घोडी केली. या वेळी पाय सरळ आले, कारण सुतारदादांनी गुण्या लावून काटकोन तपासायला शिकवलं होतं. घोडी पोचली त्या दिवशी पोरांनी इतक्या वेळा हात धुतले की वरची टाकी रिकामी झाली. लेकीने वैतागून आईला फोन केला. आई मात्र फोन ठेवल्यावर मशीनवर बसल्या बसल्या एकटीच हसत होती.

मग उरलेल्या तुकड्यांचे ठोकळे झाले, चाकांची गाडी झाली, कान मोठे झालेलं एक हत्तीसारखं काहीतरी झालं. पोरांच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून बाईंनी स्वतःची तपासणी काढली होती. पॉलिश पेपरने घासून झालं की त्या अस्तराच्या रेशमी कापडाची चिंधी लाकडावरून फिरवायच्या. कुठे एक धागा जरी अडकला तरी पुन्हा घासायला बसायच्या. सुतारदादांनी हे पाहिलं आणि एक चिंधी मागून घेतली.

होडीचं खूळ डोक्यात शिरलं ते असं. बाई एकदा पाळणाघरात गेल्या तर पोरं धुण्याच्या टबात दाटीवाटीने बसून वल्ही मारत होती. वल्ही म्हणजे झाडू आणि लाटणं. मागे बसायला जागा नाही म्हणून एक चष्मेवाली मुलगी टबाबाहेर फरशीवर बसून वल्हवत होती, तेवढ्याच जोरात. बाईंनी ते पाहिलं आणि तिथेच ठरवलं. एक अशी होडी करायची की जिच्यात सगळी मावतील. खालून गोल, म्हणजे डुलेल. आणि उलटी टाकली की तिचा कमानीसारखा पूल होईल, त्यावरून चढता-उतरता येईल. दोन्ही बाजूंनी घालता येणारी जाकिटं बाई शिवतच होत्या. ही तशीच होडी.

रात्रंदिवस त्यांना तेच दिसायला लागलं. गिऱ्हाईक कमरेचं माप देत असायचं आणि बाईंच्या नजरेपुढे होडीचा तळ असायचा. गोलाई कशी काढायची हा प्रश्न मात्र त्यांना पडलाच नाही. त्यांनी खाकी कागद घेतला, मधोमध घडी घातली आणि बाहीच्या मुंढ्याला देतात तसा सुरेख बाक देऊन घडीवरच कापला. कागद उघडला तर दोन्ही टोकं सारखी, तिळाएवढाही फरक नाही. तो कागद प्लायवर ठेवून खडूने आखला आणि यंत्राच्या करवतीने कापून दोन बाजू काढल्या. यंत्र सुतारदादांचं, हात बाईंचे, आणि प्लाय हलू नये म्हणून तिच्यावर बसलेले यजमान. त्यांना वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचं होतं, ते त्यांनी तिथेच बसून सोडवलं.

दोन बाजूंच्या मध्ये पट्ट्या आल्या, एकीला लागून एक. गोंद, स्क्रू, पुन्हा गोंद. फक्त एका बाबतीत जुना स्वभाव नडला. पोरं काय, बघता बघता वाढतात. लहान मुलांचा सदरा कुणी अंगाबरोबर शिवतं का? वाढत्या अंगाचाच शिवतात. त्या हिशेबाने बाईंनी होडी लांबीला थोडी सोडली, रुंदीला थोडी सोडली, उंचीलाही सोडली. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा मागच्या खोलीत होडी होती, बाई होत्या, आणि तिसऱ्याला उभं राहायला जागा नव्हती.

बाई हरखून गेल्या होत्या. त्यांनी होडीला नुसतं बोट लावलं तर ती संथ डुलली. आयुष्यात त्यांनी हजारो कपडे शिवले होते, पण त्यातला एकही असा आपणहून हलला नव्हता. त्यांनी लेकीला फोन करून सांगून टाकलं की सोमवारी सकाळी आणते. लेकीने पोरांना सांगितलं, पोरांनी आपापल्या आईबापांना सांगितलं.

यजमान दाराच्या चौकटीत उभे होते. त्यांनी होडीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग पुन्हा होडीकडे.

"आणि ही बाहेर कशी जाणार?" त्यांनी विचारलं.

टेलरबाईंचा हात गळ्यातली टेप काढायला गेला, पण मापायची गरजच नव्हती. डोळ्यांनाच दिसत होतं.

रविवारी सकाळी सुतारदादा आले, लेक आली, खालचा किराणावाला आपलं दुकान सोडून वर आला. होडी आडवी केली, उभी केली, तिरकी केली, एका कुशीवर वळवली. कशीही फिरवली तरी चार बोटं आडवी यायचीच. किराणावाला आतल्या अंगाला अडकला तो होडीखालून रांगत बाहेर आला. सुतारदादांनी चौकट ठोकून पाहिली आणि म्हणाले की ही काढता येईल, पण भिंतीचं थोडं प्लास्टर येईल. यजमान म्हणाले, घरमालकही येईल. खिडकीतून सोडावी तर तिला गज. लेक हळूच म्हणाली की आई, राहू दे, मी पोरांची समजूत घालते.

हे शेवटचं वाक्य बाईंना लागलं. त्या पुढच्या खोलीत गेल्या आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. रडू येईल असं वाटलं होतं, पण डोकं भराभर चालत होतं. त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. एका छोट्या मुलीचा वाढदिवसाचा फ्रॉक त्यांनी शिवून तयार ठेवला होता आणि आदल्या दिवशी ती मुलगी हात मोडून बसली. कोपरापासून प्लास्टर, फ्रॉक डोक्यावरून घालता येईना. आई बिचारी फ्रॉक हातात घेऊन दुकानात उभी. तेव्हा बाईंनी काय केलं होतं? कात्री घेतली होती आणि तयार फ्रॉक गळ्यापासून खालपर्यंत सरळ फाडला होता. दोन्ही कडांना पट्ट्या लावल्या, काजं केली, बटणं लावली.

त्या ताडकन उठल्या आणि मागच्या खोलीत आल्या.

"दादा, करवत द्या," त्या म्हणाल्या. "हिला पुढून बटणं लावू या."

कुणालाच काही कळलं नाही. मग बाईंनी खडूने होडीच्या पोटातून, सगळ्या पट्ट्यांवरून, एक लांब सरळ रेघ मारली. इथून कापायची. दोन अर्ध्या होतील. प्रत्येक अर्धीला कापलेल्या कडेने एक नवी आतली बाजू लावायची, खाकी कागद आहेच. मग दोन्ही आतल्या बाजू एकमेकींना टेकवायच्या आणि आरपार नटबोल्ट. बटणपट्टीला बटणपट्टी. दारातून अर्धी अर्धी जाईल आणि तिकडे गेल्यावर बटणं लावायची.

सुतारदादांनी बोटाने मधल्या पट्ट्या दाबून पाहिल्या. त्या जराशा वाकत होत्या, हे त्यांना आधीच खटकलं होतं, फक्त बाईंचा हुरूप पाहून ते बोलले नव्हते. मध्ये आधार आला तर वाकणार नाहीत, असं ते म्हणाले, आणि उरलेली प्लाय आणायला स्वतःच खाली उतरले.

करवत मात्र बाईंनीच चालवली. हातकरवत, कारण यंत्राची करवत स्क्रूवर गेली तर पंचाईत. स्वतःच्या हाताने जोडलेल्या होडीवर पहिला घाव घालताना त्यांनी करवत दोनदा टेकवली आणि दोनदा उचलली. लेकीने तोंड फिरवलं. पहिली पट्टी कापली गेली, दुसरी कापली गेली, आणि मग भीती कुठल्या कुठे गेली. बाईंना भलताच जोर चढला. भुसा उडत होता, केस पांढरे झाले होते, होते त्याहून जास्त, आणि यजमान खाली वाकून दोन्ही अर्ध्या धरून बसले होते, एखादी बिचकलेली म्हैस धरावी तशा. शेवटची पट्टी तुटली आणि होडीच्या दोन फोडी अलगद दोन बाजूंना कलल्या. खोलीत एकदम जागा झाली.

दुपारपर्यंत नव्या बाजू कापून झाल्या, चहानंतर बसवून झाल्या. भोकं पाडताना सुतारदादा आणि बाई दोघांनी मिळून यंत्र धरलं, कारण भोकं समोरासमोर आली नाहीत तर सगळंच मुसळ केरात. पहिला बोल्ट आत सरकला तो लोण्यात सुरी जावी तसा. दुसऱ्याला थोडं कुरवाळावं लागलं. तिसरा अडला, त्याला सुतारदादांनी हातोडीची एक टिचकी दिली. गुळगुळीत, बसक्या डोक्याचे बोल्ट त्यांनी मुद्दाम निवडून आणले होते, वर लाकडाच्या चकत्याही लावल्या. बाईंनी सगळीकडून रेशमी चिंधी फिरवली. मग चाचणीसाठी त्यांनी आधी यजमानांना बसवलं, कारण घरात वजन त्यांचंच जास्त. समोर किराणावाला बसला. होडी डुलली, कुरकुरली नाही, वाकली नाही. दोघे प्रौढ पुरुष समोरासमोर गंभीर चेहऱ्याने बराच वेळ डुलत राहिले आणि उतरायचं नाव घेईनात. शेवटी खालून कुणीतरी तेल मागितलं तेव्हा किराणावाला उतरला.

सोमवारी सकाळी बोल्ट काढले आणि होडीच्या दोन फोडी दारातून अशा सरळ बाहेर पडल्या की जिन्याच्या वळणावरसुद्धा थांबावं लागलं नाही. रस्त्यातून वरात निघाली. पुढे सुतारदादा आणि यजमान एक अर्धी घेऊन, मागे बाई आणि लेक दुसरी घेऊन. बाईंच्या पिशवीत बोल्ट खुळखुळत होते. लोक थांबून विचारत होते, हे काय आहे, आणि बाई धापा टाकत प्रत्येकाला पूर्ण उत्तर देत होत्या.

पोरं खिडकीला नाकं लावून बसली होती. दोन वेगवेगळ्या फोडी आत आल्या तेव्हा त्यांचे चेहरे पडले. होडी मोडली, असं एकाने जाहीर करून टाकलं. बाई फरशीवर मांडी घालून बसल्या, पिशवीतून पाना काढला आणि म्हणाल्या की मोडली नाही, अजून तिला कपडे घालायचे आहेत. मग सगळी पोरं त्यांना चिकटून बसली आणि प्रत्येक बोल्ट आत जाताना मान पुढे काढून बघत राहिली. एक बोल्ट चष्मेवालीने लावला, एक तिच्या शेजारच्याने, बाकीच्यांसाठी बोल्ट पुरेनात म्हणून बाईंनी लावलेले दोन पुन्हा काढले आणि पुन्हा लावायला दिले.

आणि मग पोरं होडीत शिरली. एकाच वेळी, सगळ्या बाजूंनी, बुटांसकट. होडी डुलली, तशी अशी एक आरोळी उठली की शेजारच्या दुकानातली माणसं दारात आली. वादळ आलं, मासे आले, कुणीतरी पाण्यात पडलं, त्याला बाकीच्यांनी ओढून घेतलं. चष्मेवाली या वेळी मध्यभागी बसली होती आणि सगळ्यांना हुकूम सोडत होती. तिला फुरसत मिळाली तेव्हा ती बाईंकडे वळली.

"आजी, तू होड्यांची टेलर आहेस का?"

टेलरबाईंनी मान हलवली, हो म्हणून.

लेकीने होडी उलटी करून पुलावर चढायचं कसं ते पोरांना दाखवलं. पोरं एकदाच चढली, एकदाच उतरली, आणि मग सगळी पुलाच्या खाली घुसली. ते बाईंच्या डोक्यातही आलं नव्हतं. पूल वगैरे काही नाही, ते घर होतं. पट्ट्यांच्या फटींतून आत उजेडाच्या रेघा पडत होत्या आणि आत चहा ठेवला जात होता. एक छोटा हात बाहेर आला आणि त्याने बाईंची बाही धरून ओढली.

बाई गुडघ्यावर बसल्या, मग आडव्या झाल्या, आणि कशाबशा आत सरकल्या. आतून त्यांनी आपलं काम पहिल्यांदा पाहिलं. डोक्यावर पट्ट्यांची कमान, कडेला खडूच्या पुसट राहिलेल्या रेघा, आणि तिकडे कोपऱ्यात एक स्क्रू केसभर सैल. त्यांनी पिशवी ओढून घेतली आणि पडल्या पडल्याच तो आवळायला लागल्या. एका पोराने ठोकळ्यातून त्यांच्यापुढे चहा धरला. बाईंनी तो प्यायला, चांगला झालाय म्हणाल्या, आणि दुसरा कप मागितला.

बाहेर यजमान घरी जाऊन परत आले होते. दुकानात गिऱ्हाईक आलंय, पँट कधी मिळेल म्हणतंय, असं ते खाली वाकून पट्ट्यांच्या फटीतून सांगत होते.

"त्यांना बसवा जरा," टेलरबाई आतून म्हणाल्या. "मी घरी नाही. म्हणजे आहे, पण दुसऱ्या घरी."

गिऱ्हाईक तिकडे दुकानात एकटंच बराच वेळ बसलं आणि मग निघून गेलं. यजमान मात्र गेले नाहीत. आतून त्यांनाही चहा आला होता.